अक्कलहुशारीने आणि राजीखुशीने

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर टाइप करून मिळणारे बक्षीसपत्र घ्या, मृत्युपत्र घ्या की साठेखत, शेवटाकडे एक वाक्य हमखास सापडते. हा दस्त मी अक्कलहुशारीने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देत आहे. टाइप करणाऱ्याला ते पाठ असते, लिहून देणारा ते वाचत नाही. अक्कल, हुशारी, राजी, खुशी हे चारही शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी कागदात असे मुरले की भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांच्या खरेदीखतातही ते निमूट बसलेले असतात. पण आज बोलायचे आहे ते त्यांच्या कुळाविषयी नाही, अर्थाविषयी. माणसाला आपण काय देतो आहोत ते कळले पाहिजे, ही अक्कलहुशारी. आणि त्याला नाही म्हणता आले पाहिजे, ही राजीखुशी. या दोहोंपैकी एक जरी नसेल, तर खाली सही असो, अंगठा असो की मोबाइलवरची टिक, तिला संमती म्हणता येत नाही.

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो, फक्त जास्त शब्दांत. त्याच्या सहाव्या कलमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती स्पष्ट कृतीतून व्यक्त झालेली हवी. म्हणजे गप्प राहिला तो राजी झाला, असे धरता येणार नाही. आधीच टिक मारून ठेवलेला चौकोनही चालणार नाही. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारे ॲप तुमच्या आजाराची माहिती मागते आणि जोडीला फोनमधले सगळे संपर्कही मागते. तुम्ही दोन्हींना हो म्हणालात. तरी संमती धरली जाईल ती फक्त पहिल्या गोष्टीपुरती, कारण सल्ला देण्यासाठी तुमच्या मेहुण्याचा नंबर लागत नाही. दिलेली संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही हे कलम म्हणते. आणि वाद झालाच तर संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही.

कागदावर हे चांगले आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, त्याचे हे उशिरा आलेले फळ. उशीर अजून संपलेला नाही. कायद्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यांनुसार संमतीची कलमे प्रत्यक्ष लागू व्हायची आहेत त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये.

तोवर चर्चासत्रे होतील आणि त्यांत एकच सूर लागेल. लोक वाचत नाहीत, न वाचता 'सहमत' दाबतात, जनजागृती हवी. मला हा सूर पटत नाही. तो सगळा दोष अक्कलहुशारीवर ढकलतो आणि राजीखुशीचा विषयच काढत नाही. दूधनाक्यावरच्या किंवा मुंब्र्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बाईला ओटीपी म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते. बँकेच्या नावाने फोन आला तर ती तो कोणाला सांगत नाही. इथे मात्र ती काउंटरवरच्या मुलाला मोठ्याने सहा आकडे वाचून दाखवते, कारण न दाखवले तर पैसे थांबतात. तिला सगळे कळते. नाही म्हणायची सोय तिला नाही.

लोकांनी बघून सही करायला हवी होती, हा युक्तिवाद आपल्याकडे दीडशे वर्षांचा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि त्यानंतर गावोगाव जे पेटले त्यात त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. रोखे मागून घेतले आणि जाळले. त्या कागदांवर शेतकऱ्यांचेच अंगठे होते. कोर्टाच्या भाषेत ती संमतीच होती. ब्रिटिश सरकार रयतेचे फार कैवारी होते असे नाही, पण १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टमध्ये त्याला मान्य करावे लागले की नुसत्या अंगठ्यावर विसंबता येत नाही. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकाने लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याला तो समजला अशी खात्री करायची आणि मगच अंगठा घ्यायचा. शिवाय कोर्टाने रोख्यावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता इथपर्यंत मागे जायचे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता हा कायदा सुरुवातीला होता. कर्ज देणारा आणि घेणारा एका पायरीवर उभे नसतात तेव्हा सहीची किंमत वेगळी लावावी लागते, हे त्यात गृहीत आहे. २०२३ च्या कायद्यात वाचून दाखवण्याची जागा नोटिशीने घेतली. पायरीचा प्रश्न मात्र त्याने, सरकारपुरता तरी, बाजूला ठेवला.

सप्टेंबर २०२५ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत ई-केवायसी सुरू झाली, तिचेच बघा. महिन्याला १,५०० रुपये मिळवणाऱ्या बाईने संकेतस्थळावर आपला आधार क्रमांक टाकायचा, संमतीवर टिक करायची, ओटीपी भरायचा. एवढ्यावर काम संपत नाही. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्याची संमती, त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी. अपात्र लाभार्थी शोधायचे तर कुटुंबाचे उत्पन्न तपासावे लागेल आणि त्यासाठी घरातल्या पुरुषाची माहिती लागेल, हे सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण या रचनेचा परिणाम काय झाला? बाईचा हक्क पुरुषाच्या फोनवर येणाऱ्या सहा आकड्यांना बांधला गेला. योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार सगळ्या आहेत. नवरा किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोट झालेल्या महिलांसाठी नंतर वाट काढली गेली. मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. परित्यक्तेने कोणता दाखला द्यायचा? टाकून दिल्याचा दाखला कुठल्याच कचेरीत मिळत नाही. आठ वर्षे ज्याने तोंड दाखवले नाही, त्याला फोन करून 'एक ओटीपी आलाय तेवढा सांगा' म्हणायचे. आपल्या वस्त्यांत अशा बायका थोड्या नाहीत, आणि जमातीत किंवा चार वडीलधाऱ्यांसमोर तोडलेल्या संबंधांना कोर्टाचा शिक्का नसतो. यात संमती नेमकी कोणाची, आणि ती कोणावर उगारली जाते आहे?

कायद्याच्या अंगाने हे प्रकरण आणखी विचित्र आहे. आधार कायद्याचे आठवे कलम सांगते की आधार पडताळणीआधी त्या व्यक्तीची संमती घ्या, माहितीचे काय करणार ते सांगा आणि आधारची माहिती द्यायची नसेल तर पर्याय काय तेही सांगा. हा शेवटचा भाग मी कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात ऐकलेला नाही. उलट नव्या डेटा कायद्याचे सातवे कलम सरकारला मोकळीक देते. सबसिडी, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी सरकार काही अटींवर नव्याने संमती न घेताही तुमची माहिती वापरू शकते. म्हणजे एका कायद्यात संमती अनिवार्य, दुसऱ्यात तिची गरज नाही, आणि बाईच्या समोर चौकोन आहेच. मला विचाराल तर जिथे नाही म्हणणे शक्यच नाही तिथे संमतीचा चौकोन काढून टाकणे जास्त प्रामाणिक. सरळ लिहावे की ही माहिती आम्ही कायद्याने घेत आहोत, अमुक कामासाठी घेत आहोत, इतके दिवस ठेवणार आहोत, आणि तक्रार इथे करा. मग निदान जाब सरकारला विचारता येईल. चौकोनात टिक असली की उद्या काही बिघडल्यावर उत्तर तयार असते: तुम्हीच तर संमती दिली होती.

युरोपात ही गोष्ट कायद्याच्या भाषेत आली आहे. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ नगरपालिकेच्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांवर चेहरा ओळखून हजेरी घेण्याचा तीन आठवड्यांचा प्रयोग केला. संमती घेतली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या डेटा प्राधिकरणाने दोन लाख क्रोनर दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, म्हणून त्याची संमती मोकळेपणी दिलेली धरता येत नाही, असे प्राधिकरणाचे म्हणणे.

आता आपल्या शाळांकडे या. 'अपार' म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला आधारशी जोडलेला कायमचा क्रमांक. केंद्र सरकार म्हणते तो ऐच्छिक आहे. म्हणूनच पालकांकडून संमतीपत्र भरून घेतले जाते. पण शिक्षकाला वरून टक्केवारी गाठायची असते, आणि मग तो बिचारा पालकांना सांगतो की उद्यापर्यंत फॉर्म आला नाही तर पुढे अडचण होईल. कोणती अडचण ते तोही सांगू शकत नाही. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितले आहे. पण राबोडीतला किंवा कौशातला बाप मुलीच्या वर्गशिक्षिकेशी घटनापीठाच्या निकालावर वाद घालत नाही. तो सही करतो. आणि नव्या कायद्यातली एक बारीक तरतूद अशी की कायदा लागू होण्याआधी घेतलेल्या संमत्यांच्या बाबतीत नुसती नोटीस द्यायची, आणि माणूस संमती काढून घेत नाही तोवर माहिती वापरत राहायची. नव्या संमतीत मौन चालत नाही, जुन्या संमतीत मौनावरच काम चालू राहील.

नोटीस कोणत्या भाषेत मिळणार याबद्दल कायदा उदार आहे. इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणतीही मागता येईल. मराठी त्यात आहे, उर्दू आहे, कोकणीही आहे. फक्त ती मराठी कशी असेल याची धास्ती वाटते. सरकारी अनुवादाची मराठी वाचायला पुन्हा एक अनुवादक लागतो. आणि आमच्यासारख्यांचा अनुभव असा की नाव बघितले की काउंटरवरचा माणूस आपणहून हिंदीत बोलू लागतो. आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते हे त्याला सांगावे लागते. असो.

खासगी कंपन्यांचे बोलायचे तर तिथे चित्र निदान स्पष्ट आहे. मोबाइलवर दहा मिनिटांत पाच हजारांचे कर्ज देणारी ॲप आधी सगळे संपर्क उचलत आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या मामाला, बॉसला, शेजारणीला फोन करत. या ॲपनाही 'परवानगी' दिलेलीच असे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संपर्कयादी, कॉल लॉग, फाइली आणि फोटो यांना हात लावायला मनाई केली. म्हणजे तुम्ही हो म्हणालात तरी नाही. हा मार्ग मला जास्त पटतो, कारण पैशाची तातडी असलेल्या माणसाच्या होकाराला काय अर्थ असतो हे त्यात ओळखलेले आहे. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये नवे धोरण आणले, मान्य करा नाहीतर निघा. त्याबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. ज्याच्यावर अख्ख्या नातेवाइकांचा ग्रुप आहे, दुकानाच्या ऑर्डरी आहेत, मदरशाच्या सुट्टीचा निरोप आहे, ते सोडून माणूस जाणार कुठे, हा मुद्दा तिथे तरी ऐकला गेला. नव्या डेटा कायद्यातला दंड मात्र सरकारच्या तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातली जुनी सोय या कायद्याने काढून टाकली आहे. खोटी किंवा उठवळ तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे वर.

भाड्याने घर शोधताना हा विषय आपल्याला सगळ्यात जास्त टोचतो. कल्याण-डोंबिवलीत घर घ्यायला गेलेल्या मुस्लिम जोडप्याला बहुतेक वेळा नावावरच उत्तर मिळते, कागद मागायची वेळच येत नाही. ज्यांना घर मिळते त्यांच्याकडून मग सगळे कागद मागितले जातात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारी घरमालकाची. त्यासाठी आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता, नोकरीचा दाखला. हेच कागद सोसायटीच्या कमिटीकडे जातात, सेक्रेटरी त्यांचा फोटो काढतो, तो कमिटीच्या ग्रुपवर पडतो, आणि चौथ्या मजल्यावर कोण येणार यावर तिथे चर्चा होते. दिलेली माहिती पोलिसांसाठी होती. वापरली गेली ती कोणाला राहू द्यायचे हे ठरवायला. सहाव्या कलमातला 'विशिष्ट' हा शब्द नेमका याच्या आड यायला हवा. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. कपाटातल्या फाइलीतली झेरॉक्स त्याच्या बाहेर, पण तिचा मोबाइलने फोटो काढला की ती कायद्याच्या आत आली. सोसायट्यांच्या गेटवर आता ॲप असतात. घरकामाला येणाऱ्या बाईचा फोटो, येण्याजाण्याच्या वेळा, कधी कधी तिला दिलेले तारे, सगळे त्यात. तिला कोणी विचारले होते का? विचारले असते तर नाही म्हणून ती आत कशी गेली असती?

दुसऱ्यांना बोल लावून झाल्यावर स्वतःच्या दारातही बघायला हवे. संमती कशी विचारावी हे खरे तर आपल्याला नव्याने शिकायची गरज नसावी. निकाहात वकील दोन साक्षीदार घेऊन मुलीकडे जातो. मुलाचे नाव सांगतो, बापाचे नाव सांगतो, महरची रक्कम सांगतो आणि मग विचारतो. कोण, कशासाठी, किती, हे सगळे आधी. विचारले जाते तिलाच. व्यवहारात घरच्यांचे दडपण असतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही, पण विचारण्याची रीत तरी बरोबर आहे.

आणि हाच समाज रमजानमध्ये राशन किट वाटताना काय करतो? पिशवी हातात देताना दोन्ही बाजूंनी माणसे उभी राहतात, मधे बुरख्यातली बाई, समोर मोबाइल. संध्याकाळपर्यंत फोटो फेसबुकवर. बुरखा आहे म्हणून ओळखू येणार नाही असे समजू नका. मोहल्ल्यात चपलेवरून माणूस ओळखतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात बापाचे उत्पन्न, आईचा आजार, घरातली कर्जे विचारली जातात आणि ती सगळी माहिती एका शीटमध्ये पडते, जिची लिंक पंधरा कार्यकर्त्यांकडे असते. हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे, त्यांतल्या अनेकांना मी ओळखतो. देणगीदारांना हिशोब दाखवावा लागतो हेही खरे. पण हिशोब पावत्यांनी दाखवता येतो, चेहऱ्यांनी कशाला? फोटो काढलेला चालेल का, हो की नाही, एवढी एक ओळ यादीत घाला आणि पिशवी दोघांनाही सारखीच द्या. उद्या हा कायदा लागू झाला की ट्रस्ट आणि जमातीही त्याच्या कक्षेत येतील, आणि संमती होती हे सिद्ध करायला ट्रस्टींना सांगितले जाईल. किट घेणाऱ्या बाईने हात पुढे केला होता, हे उत्तर चालणार नाही.

मे २०२७ पर्यंत थांबायचे नसेल तर काही गोष्टी आजही करता येतात. आधारच्या संकेतस्थळावर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. सोसायटीला, लॉजला, सिमवाल्याला आधी तीच पुढे करून बघा. तुमचे आधार गेल्या सहा महिन्यांत कोणी कधी पडताळले याची यादी तिथेच दिसते, आणि बोटांचे ठसे कुलूपबंदही करता येतात. झेरॉक्सच्या दुकानात ओटीपी सांगण्याआधी फोनवर आलेला पूर्ण संदेश वाचा, कोणत्या कामासाठी आहे ते त्यात लिहिलेले असते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तिरकी रेघ मारून कोणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला दिली ते लिहा आणि सही करा. लिहिताना फोटोवरून आणि क्रमांकावरून पेन गेले पाहिजे, नाहीतर ती ओळ झाकून दुसरी प्रत काढता येते. समोरचा थोडा वैतागतो, पण बहुतेक वेळा कागद घेतो.